वरच्या वाटेनं

शनिवारी संध्याकाळी एमरिस प्रॉबर्टचा फोन आला तेव्हा टेग्वेन स्वयंपाकघरात एका खोगिराचा उसवलेला तंग, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, शिवत बसली होती. एमरिस तिचा शेजारी. मधे दोन कुरणं आणि एक ओढा, एवढंच अंतर. दोघं लहानपणी एकाच बसनं शाळेत गेलेले, एकमेकांच्या आईबापांच्या शवपेट्यांना खांदा दिलेला. त्यामुळे फोनवर आधी चार टोमणे ठरलेले असायचे. तुझी ती खोगीर घातलेली लठ्ठ सोफासेटं कशी आहेत, असं तो विचारायचा आणि तुझ्या मेंढ्यांपेक्षा एक सोफा शहाणा, असं ती म्हणायची.

त्या दिवशी त्यानं टोमणा मारला नाही. "टेग, उद्या तुझी माणसं येणार आहेत ना?" त्यानं विचारलं.

येणार होती. घोड्यावरच्या सहलीला तिघंजणं, वर्षातली पहिलीच. मध्य वेल्समधल्या त्या एरन नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात चिटपाखरू फिरकत नाही. नोव्हेंबरपासून तिची चौदा घोडी नुसती पेंढा खात उभी होती. एमरिस म्हणाला, बातम्या ऐकल्यास का? लाळ-खुरकूत निघालाय. पूर्वेकडे आधी डुकरांत निघाला, आता मेंढ्यांतही आहे म्हणतात, बुटाच्या चिखलातूनही पसरतो. सरकारनं काल जनावरांची ने-आण बंद केली, माळही आज ना उद्या बंद करतील. माझ्या चारशे मेंढ्या वर काळ्या माळावर आहेत, महिन्याभरात व्यायला टेकतील.

"मी तुला कधी जाऊ नको म्हटलं नाही," तो म्हणाला. "उद्या वर जाऊ नकोस."

"नदीकाठानंच नेते," टेग्वेन म्हणाली. "खालून जाऊन खालूनच येते. शब्द देते."

एमरिसला तेवढं पुरे होतं. त्यानं फोन ठेवला.

सकाळी पाहुणे आले. लस्कम नावाचा पन्नाशीचा धिप्पाड गृहस्थ, त्याची बायको आणि बायकोची बहीण. बायका पहिल्यांदाच घोड्यावर बसणार होत्या. लस्कमला मात्र सवय होती. त्यानं स्वतःहून घोडीचा तंग तपासला, रिकिबींची लांबी बदलली. टेग्वेनला तो आवडला. तिनं डोक्याला टोप्या दिल्या, वाकून त्याची रिकीब पाहिली, आणि तेव्हा तिला त्याचे बूट दिसले. चांगले जाड शेतातले बूट होते. तळाच्या कडेला शेण वाळून घट्ट बसलेलं होतं.

तिनं सहज विचारलं, शेती करता का? तो म्हणाला, मी नाही, माझा भाऊ करतो, डेव्हनमध्ये. परवापर्यंत त्याच्याकडेच होतो, त्याच्या मेंढ्यांना औषध पाजायला दोन हात कमी पडत होते.

डेव्हनचं नाव तोवर कुणी घेतलं नव्हतं. रोग होता पूर्वेला, आणि डेव्हन पार नैर्ऋत्येला. तरीही टेग्वेनच्या मनात आलं, की यांना बूट धुवायला सांगावं. अंगणात नळ होता, नळाला पाइप होता, ब्रश शेजारीच पडला होता. पाच मिनिटांचं काम. पण थंडी मरणाची होती, बायका आधीच हात चोळत होत्या, आणि वर्षातल्या पहिल्या पाहुण्याला घोड्यावर बसल्यावर खाली उतर, तुझे बूट घाण आहेत, असं सांगायचं तिच्या जिवावर आलं. नदीकाठानंच तर जायचंय, तिथं मेंढी नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि ती निघाली.

पहिले दोन तास छान गेले. वाट नदीला धरून अल्डरच्या झाडांतून जाते. झाडं उघडी, पाणी कॉफीसारखं तांबूस, दोन्ही अंगांना गेल्या वर्षीचे तपकिरी पडलेले नेचे. टेग्वेन आपल्या मॉस नावाच्या काळ्या घोड्यावर पुढे, मागे दोघी बहिणी, शेवटी लस्कम. मधेच थांबून ती बायकांना लगाम सैल कसा धरायचा ते दाखवायची, उतारावर मागे रेला म्हणायची. धाकट्या बहिणीची घोडी दर दहा पावलांवर गवताला तोंड लावत होती आणि ती बाई दर वेळी तिची माफी मागत होती. टेग्वेन हसली. चार महिन्यांनी ती हसत होती.

परतीसाठी नदी एका उथळ जागी ओलांडायची होती. तिथं पोचल्यावर तिला दिसलं, की वर डोंगरात रात्रभर पाऊस पडलेला असणार. एरवी घोड्याच्या गुडघ्याएवढं पाणी असतं, तिथं खुणेचा दगडच बुडाला होता. मॉसनं पाण्यात एक पाय टाकला आणि मागे घेतला. नवख्या बायकांना त्या पाण्यात घालणं शक्य नव्हतं.

आता दोन रस्ते उरले. आल्या वाटेनं मागे फिरायचं, म्हणजे आणखी दोन तास. किंवा डावीकडच्या चढणीनं काळ्या माळावर चढून एमरिसच्या कुंपणाजवळून घरामागे उतरायचं, म्हणजे तास सव्वा तास. लस्कमबाईचे ओठ निळे पडले होते. तिचे हातमोजे भिजले होते, बोटं वाकत नव्हती. दोन तास, तिनं घाबरून विचारलं. रडली नाही, पण रडण्याच्या बेतात होती.

टेग्वेन बराच वेळ घोडा उभा करून पाण्याकडे बघत राहिली. पुढे अनेक महिने ती मनातल्या मनात त्या जागी परत जाऊन उभी राहायची, आणि दर वेळी घोडा मागे वळवायची. त्या दिवशी तिनं तो डावीकडे वळवला.

माळावर धुकं होतं. काळा माळ तसा उघडा, चहूकडे नुसती हेदरची वाळकी झुडपं आणि दलदलीतलं पिवळं गवत. वाट माहीत नसेल तर माणूस दिवसभर गोल गोल फिरेल. घोडी एकामागोमाग मान खाली घालून चालत होती. एमरिसच्या फाटकाशी आल्यावर टेग्वेन वाकून कडी काढायला गेली, पण धुक्यातून एक मेंढी खोकली आणि मॉस बिथरून बाजूला झाला. दोनदा तेच. तेव्हा लस्कम मागून म्हणाला, थांबा, मी काढतो. ती नको म्हणेपर्यंत तो खाली उतरला होता.

फाटकाजवळच एमरिस रोज सकाळी मेंढ्यांना गवत टाकायचा. जमीन तुडवून चिखल झालेली. लस्कम त्या चिखलातून गेला, त्यानं फाटक उघडून धरलं, आणि माणूस दिसताच खायला आणलं असेल म्हणून वीस-पंचवीस मेंढ्या धुक्यातून त्याच्याभोवती गोळा झाल्या. पोटं खाली आलेल्या, संथ. लस्कमनं एकीचं डोकं खाजवलं, दुसरीचे दात बघितले.

"चांगला माल आहे," तो म्हणाला. "ज्याचा आहे त्याला कळतंय."

टेग्वेननं त्याला जरा कठोर आवाजातच घोड्यावर बसायला सांगितलं.

त्याच रात्री रेडिओवर डेव्हनचं नाव आलं. दोन दिवसांनी सगळे माळ, पायवाटा, डोंगर बंद झाले. प्रत्येक शेताच्या तोंडाशी जंतुनाशकानं भिजवलेल्या पेंढ्याच्या गाद्या अंथरल्या गेल्या. टेग्वेनची घोडी अंगणात कोंडली गेली. तिनं लस्कमच्या घरी फोन केला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. आठवड्यानं लस्कमबाईनं उचलला. ती म्हणाली, दिराच्या सगळ्या मेंढ्या मारल्या हो. त्यांना रोग होता का, असं टेग्वेननं विचारलं. बाई म्हणाली, कुणाला माहीत, शेजारच्या शेतात होता म्हणून यांच्याही मारल्या, तपासायला कुणाला वेळ होता? तुमची ती सहल फार छान झाली होती, असंही ती म्हणाली.

चौदाव्या दिवशी एमरिसची एक मेंढी लंगडायला लागली. दुसऱ्या दिवशी सहा. सरकारी डॉक्टरनं तोंडं उघडून पाहिली आणि फोन करायला तो गाडीत जाऊन बसला.

पुढचं टेग्वेननं आपल्या वरच्या खिडकीतून पाहिलं, कारण तिकडे जायला बंदी होती. तीन दिवस लागले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं माळावरून मेंढ्या हाकून खाली आणत होती आणि हाकायला एमरिसचाच कुत्रा होता, कारण त्याच्याशिवाय त्या उतरेनात. कुत्रा आनंदानं धावत होता. त्याला वाटलं, नेहमीचं काम आहे. काही मेंढ्या कुरणातच व्यायल्या. नंतर कळलं, की कोकरांसाठी वेगळा माणूस होता. चौथ्या दिवशी खोदलेल्या लांब चरातून धूर निघाला तो आठवडाभर खोऱ्यातून हलला नाही. वारा नव्हताच. वास कपड्यांना, पावाला, घोड्यांच्या आयाळीला लागला. मग पलीकडच्या दोन शेतांतल्या मेंढ्याही गेल्या, गायीही गेल्या, आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्या खोऱ्यात जिवंत जनावरं म्हणजे कुत्री, कोंबड्या आणि टेग्वेनची चौदा घोडी. घोड्यांना तो रोग होत नाही. सकाळी ती खायला मागत खिंकाळायची तेव्हा टेग्वेनला त्यांचं तोंड बांधावंसं वाटायचं, इतका तो आवाज लांबवर जायचा.

सरकारकडून चौकशीला एक बाई आली. तरुण होती, झोप न झाल्यासारखे डोळे. महिन्याभरात कोण आलं, कुठे गेलं, सगळ्यांना विचारत होती. टेग्वेननं तिघांची नावं दिली. कोणत्या वाटेनं नेलं, असं तिनं विचारलं.

"नदीकाठानं," टेग्वेन म्हणाली.

"जाऊन येऊन?"

"जाऊन येऊन."

बाईनं लिहून घेतलं, आभार मानले आणि गाद्यांवर बूट घासून निघून गेली.

ते एक वाक्य मे महिन्यापर्यंत टेग्वेनच्या मनातून हललं नाही. ती जेवायची, घोड्यांची लीद काढायची, खोगिरांना तेल लावायची. खोगिरं चकाकत होती आणि त्यांवर बसणारं कुणी नव्हतं. एमरिसच्या बायकोशी, नेस्टाशी, फोनवर बोलणं व्हायचं. नेस्टा सांगायची, तो बोलत नाही गं, सकाळी उठून कपडे करतो, बूट घालतो आणि दारात बसतो. परवा मी म्हटलं, जरा टेगला तरी फोन कर. तर उठून आत गेला.

बंदी उठल्यावर तिसऱ्या दिवशी टेग्वेन ओढा ओलांडून गेली. नेस्टा गावात गेली आहे याची तिनं खात्री केली होती. एमरिस मेंढ्यांच्या रिकाम्या वाड्यात होता. सरकारच्या माणसांनी तो वाडा इतका घासून धुतला होता, की लाकूड पांढरं पडलं होतं. तो उलट्या बादलीवर बसला होता. काही करत नव्हता. दाढी केलेली नव्हती. दोन महिन्यांत त्याची मान बारीक झाल्यासारखी दिसत होती.

ती उभ्यानंच बोलली. पाणी चढलं होतं, बाई गारठली होती, असं काहीही आधी सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि ते तिनं पाळलं.

"एमरिस, त्या रविवारी मी वरनं आले. तुझ्या फाटकातून. त्यातला एक जण डेव्हनहून आला होता, भावाच्या मेंढ्यांत राबून. तो तुझ्या मेंढ्यांत उतरला. त्याचे बूट धुतलेले नव्हते. मला दिसले होते."

एमरिसनं मान वर केली नाही. "माहीत आहे," तो म्हणाला.

तिला वाटलं, ऐकू आलं नाही. ती परत सांगायला लागली.

"माहीत आहे म्हटलं ना. सोमवारी सकाळी गवत टाकायला गेलो तर चार घोड्यांच्या टापा. त्यात मॉसची मागची डावी, तो नाल वाकडा पडतो त्याचा. आणि माणसाचे बूट, बारा नंबरचे. मी काय आंधळा आहे?"

"मग तू चौकशीच्या बाईला सांगितलं का नाहीस?"

बाहेर कुत्रा रिकाम्या कुरणाच्या कडेकडेनं फेऱ्या मारत होता. मग एमरिसनं जे सांगितलं ते तो जमिनीकडे बघून, एका सुरात बोलला. ने-आण बंद व्हायच्या तीन दिवस आधी तो मेंढ्यांच्या बाजाराला गेला होता. विकत काही घ्यायचं नव्हतं. पण बाजाराबाहेर एका ओळखीच्या दलालानं ट्रकचा मागचा दरवाजा उघडला, आत अकरा मेंढ्या, स्वस्तात. कागद नाही, नोंद नाही. सगळेच करायचे तसं. त्या कुठून आल्या हे त्यानं विचारलं नाही. आणून माळावर सोडल्या. पहिली लंगडली ती त्यांच्यातली होती की आपली, हे त्याला आठवत नव्हतं. तो रोज आठवायचा प्रयत्न करत होता.

"तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी आणखी विचारलं असतं," तो म्हणाला. "मग त्या अकरा निघाल्या असत्या. पलीकडच्या दोघांच्या मेंढ्या गेल्या, गायी गेल्या. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

टेग्वेन वाड्याच्या खांबाला टेकली. तिला कळेना, की आपल्याला हलकं वाटतंय का. वाटत नव्हतं.

"म्हणजे रोग आणणारी मी नसेनही," ती म्हणाली.

"नसशीलही. मी नसेनही." पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाहिलं. "पण रोज सकाळी दारात बसतो ना टेग, तेव्हा तूच असतेस. तू नसलीस तर मग मी उठायचं कसं? तेव्हा तूच राहा. नेस्टाला काही सांगू नकोस. आणि थोडे दिवस इकडे येऊ नकोस."

ती ओढा ओलांडून परत आली. त्या उन्हाळ्यात माळ उघडला, पण माणसं आली नाहीत. ऑगस्टमध्ये एक कुटुंब आलं, सप्टेंबरात दोन मैत्रिणी. तिनं त्यांना नदीकाठानं नेलं, नदीकाठानं आणलं. वरची वाट छान आहे असं ऐकलंय, असं त्यातली एक म्हणाली. टेग्वेन म्हणाली, बंद आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी तिनं आठ घोडी विकली.

पुढच्या वसंतात एमरिसनं नव्या मेंढ्या आणल्या. दोनशे, उत्तरेकडून, या वेळी सगळे कागद करून. त्यांना माळावर सोडलं आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या दिसेनात. काळ्या माळाला वरच्या अंगाला कुंपण नाही. कधी नव्हतंच, लागायचंच नाही. जुन्या मेंढ्या आईमागे हिंडून हिंडून आपली हद्द शिकलेल्या, आई तिच्या आईमागे, अशी ती शिकवण दोनशे वर्षं चालत आलेली. ते सगळं त्या चरात जळून गेलं. नव्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या दलदलीत रुतायच्या, पलीकडच्या खोऱ्यात उतरून रस्त्यावर गाडीखाली यायच्या. एमरिस साठीच्या जवळ आलेला, गुडघे गेलेले. दिवसातून दोनदा त्याला तो माळ पालथा घालणं जमत नव्हतं. नेस्टा फोनवर म्हणाली, हा माणूस या मेंढ्यांपायी मरेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेग्वेननं मॉसवर खोगीर चढवलं आणि ती वरच्या वाटेनं माळावर गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. वरच्या धारेवर पोचली, जिथं एमरिसची हद्द संपते, आणि पलीकडे गेलेल्या मेंढ्या हळूहळू वळवून तिनं आत आणल्या. पळवल्या नाहीत, गाभण होत्या. दोन तास लागले. संध्याकाळी पुन्हा गेली. त्यानंतर रोज. पाऊस असो, बर्फ असो. मॉस थकला की दुसरी घोडी. पाहुण्यांना घेणं तिनं हळूहळू बंदच केलं, कारण दिवसाची दोन्ही टोकं माळावर जायची. घोडी उरली तीन.

एमरिस तिला लांबून बघायचा. खालच्या फाटकाशी तो आपली चारचाकी उभी करायचा, ती धारेवर असायची. मधे मैलभर हेदर. तो हात करायचा नाही. तीही करायची नाही. ती दिसली, की थोड्या वेळानं तो गाडी वळवून खाली जायचा, म्हणजे त्या दिवशी त्यानं वर यायची गरज नव्हती.

असं पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. माळावर जन्मलेली पहिली कोकरं मोठी झाली आणि धारेपाशी आल्यावर त्यांतली काही स्वतःहून थांबायला लागली. सगळी नाही. निम्मी अजूनही जायची. खोऱ्यातली माणसं म्हणायची, टेग्वेन शेजारधर्म फार पाळते हो. टेग्वेन मान हलवायची आणि विषय बदलायची. नेस्टानं तिला दोनदा जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा तिनं घोड्याचं कारण सांगितलं.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये एकदा धुकं इतकं होतं, की ती उतरताना एमरिसच्या गाडीवर जवळजवळ आदळलीच. वळून जायला वाट नव्हती. दोघं चार हातांवर थांबले. तो म्हातारा झाला होता. तीही झाली असणार. मॉसच्या नाकातून वाफ निघत होती. एमरिस घोड्याच्या पायांकडे बघत म्हणाला,

"काल सात जणी पलीकडच्या डबक्यापाशी गेल्या होत्या. उजवीकडून हाकल्यास तर दलदलीत शिरतात. डावीकडून हाकत जा."

"बरं," टेग्वेन म्हणाली.

त्यानं गाडी सुरू केली आणि तिच्या बाजूनं, हेदरवर एक चाक चढवून, तो फाटकाकडे गेला. टेग्वेन थोडा वेळ तशीच बसून राहिली. हातमोजे ओले झाले होते, बोटं दुखत होती. खाली घरी जाऊन चहा करावा असं तिच्या मनात होतं. पण सात जणी म्हणाला होता, आणि तिनं सकाळी वळवून आणताना पाचच मोजल्या होत्या. तिनं मॉसला वळवलं आणि ती पुन्हा वर गेली, डावीकडून.